फोटोत पीक दिसत नाही म्हणे!

काल दुपारी मेसेज आला. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज त्रुटीत परत. कारण? 'फोटोमध्ये पीक दिसत नाही.' अरे, दिसेल कसं? टोमॅटो गेल्या वर्षीचा! तोडे झाले, भाव पडला, झाडं उपटून बांधावर फेकली, रान नांगरून झालं. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर पडल्यात आणि एका बंडलात उंदरांनी संसार थाटलाय. मोका तपासणीला, म्हणजे ठिबक बसवलंय का ते रानात बघायला, आलेल्या माणसानं स्वतःच आमच्या आबांना फिल्टरपाशी उभं केलं, 'जरा इकडं बघा' म्हणत स्वतःच्याच मोबाइलवर जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो काढला. तेव्हा गुडघ्याएवढं पीक होतं. ते काय आबांच्या धोतरामागं लपलं?

आणि ते ८० टक्के! अल्पभूधारकाला ८०, बाकीच्यांना ७५, ऐकायला किती गोड. पण ते सरकारी मापदंडाचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या खर्चाचे, दुकानदाराच्या बिलाचे नव्हेत. आधी सगळे पैसे आपण घालायचे, वर १२ टक्के जीएसटी (आमचं बिल फाटल्यावर तो ५ वर आला, आमचं नशीब). पूर्वसंमती आली की मुदतीत बिल अपलोड करा, नाहीतर अर्ज रद्द. मुदत फक्त आपल्याला. त्यांचं सगळं 'निधी उपलब्धतेनुसार'. सोसायटीच्या कर्जाचं व्याज बरं निधी बघून चढत नाही!

पीएम किसानचे २,००० बटण दाबून येतात, त्याचा कार्यक्रम टीव्हीवर दिसतो. ठिबकचं बटण कुठल्या टेबलाखाली आहे कोण जाणे. त्या २,०००साठी तरी कमी नाचवलं का? ई-केवायसीला आबांचा अंगठा उमटेना. जन्मभर खुरपं धरलेल्या हातावर रेषा राहतात होय? मधल्या काळात तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. बारसं तेवढं वेळेवर. सातबारा ऑनलाइन, आठ-अ ऑनलाइन, फार्मर आयडीही काढला, तरी 'झेरॉक्स आणलीय का?' आहेच.

आज सुट्टी टाकून हडपसरहून निघालो, दिवे घाटात ट्रकच्या मागं तास घालवला आणि सगळा राग सेवा केंद्रातल्या पोरावर काढला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मी काय करू, सिस्टिमच घेत नाही." मी गप्प. हेच वाक्य मी ऑफिसात रोज क्लायंटला ऐकवतो, त्याचाच पगार घेतो. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "तुझ्याच कुणातरी भाऊबंदानं बनवलं असणार हे."

आता त्यांनी तोडगा काढलाय. शेजाऱ्याचा झेंडू भरात आहे, लॅटरल तिथं नेऊन अंथरू आणि फोटो काढू. मी म्हटलं, आबा, नको. गट नंबर दुसरा निघाला तर अनुदान राहील बाजूला, फसवणुकीची नोटीस मात्र दुसऱ्या दिवशी दारात. तिला निधी लागत नाही.