मोठेबाबांची पेटी कबाड्याला गेली

आज डोकं फिरलंय. नागपूरच्या महाल भागातला वाडा बिल्डरला दिला म्हणून चुलतभावानं सामान हलवलं, त्यात मोठेबाबांची, म्हणजे त्याच्याच फौजी वडलांची, लोखंडी पेटी कबाड्याला गेली. पत्रांसकट. विचारलं तर म्हणतो, "अरे, जुने कागदच तर होते ना!"

जुने कागद? १९७१ च्या डिसेंबरात आघाडीवरून लिहिलेली पत्रं होती ती! पत्ता एकच, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. कुठं आहे ते लिहायची मुभा नाही, म्हणून पत्रभर काटोलच्या शेताचीच चौकशी. संत्र्यांच्या आंब्या बहराचा माल उतरला का, व्यापाऱ्यानं उरलेले पैसे दिले का, विहिरीला पाणी किती. अन् घडीच्या जागेत बारीक अक्षरात: "आईला सांगा, मी सीमेपासून लांब आहे." आजीला वाचता येत नव्हतं. माझी आई पत्र मोठ्यानं वाचायची अन् त्यातलं "सांगा" तेवढं गाळायची.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या शिपायांची पत्रं इंग्रजांचा सेन्सॉर उघडून वाचायचा. संशयापोटी. त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवायचा, ते आजही लंडनमध्ये जपून ठेवलेत. संशय घेणाऱ्यांनी जपलं, अन् आपण घरचे लोक किलोवर विकतो!

सेनापतींची चरित्रं निघतात, निघावीत. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुकरी' बुडाली, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज न सोडता गेले, त्यांच्यापुढं मान झुकतेच. पण त्याच जहाजावर १७६ खलाशीही गेले. त्यांनी घरी काय लिहिलं होतं? पगार पोचला का, बहिणीचं जमलं का, हेच ना? मला तेच वाचायचंय. लढाई कशी झाली ते नकाशात सापडतं. लढणाऱ्याचा जीव कशात अडकला होता, ते त्या निळ्या अंतर्देशीयातच असतं.

मान्य, फ्लॅट लहान आहे, पेटी अवजड होती. पण पत्रांचा गठ्ठा कपाटात मावला असता रे.

भावावर ओरडलो, तो गप्पच झाला. मोठेबाबा घरी असे फारसे नसायचेच, बापाचं अक्षर त्यानं बापाआधी पाहिलं असेल. त्याला जास्त बोलवत नाही आता.

कबाड्याचं दुकान कोणतं ते त्यानं सांगितलंय, उद्या सकाळी जातोय. अन् नागपूर, कामठी, काटोलकडे कोणाच्या घरी फौजेतली पत्रं असतील तर कृपा करून विकू नका. मला मेसेज करा. मी घरी येऊन स्कॅन करीन, मूळ पत्रं तुमच्याच हातात परत देईन.