हरणाचं रक्त टॉर्चखाली चमकत नाही, आणि रात्री त्याच्या मागं जाणं ही शिकारच

माझ्या भाच्यानं अठराशे रुपये घालून ऑनलाइन एक टॉर्च मागवला म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही. चवथीला ताईकडं गोव्यात सत्तरी तालुक्यात गेलो होतो. माटोळी (गणपतीवर बांधतात ती रानफळांची आरास) बघून झाली, जेवणं झाली, आणि हा पोरगा मला मागच्या अंगणात नेऊन म्हणतो, मामा, बघ, ह्याच्यात हरणाचं रक्त चमकतं. कसलं हरण, कुठलं रक्त? तर मोबाईल काढून मेसेज दाखवला. तोच मेसेज भावोजींच्या फोनवर, तोच शेजारच्या काकांच्या, आणि दोन दिवसांनी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर पण हजर.

मेसेजमधे काय आहे ते आधी सांगतो. ह्या स्पेशल टॉर्चच्या उजेडात जखमी हरणाचं रक्त निळं चमकतं, थेंबाथेंबानं माग काढत जाता येतं. हरणाला हा उजेड दिसतच नाही. परदेशात सगळे वापरतात. जखमी जनावर शोधून त्याला यातनांतनं सोडवणं ही शिकार नाही, भूतदया आहे. गाडीला आपटून मेलेलं उचललं तर गुन्हा नाही. आणि शेवटी ठसक्यात: भारताच्या कायद्यात टॉर्चवर बंदी कुठं लिहिलीय दाखवा.

बरं, दाखवतो. पण आधी ते चमकणं.

रक्त कुठल्याच टॉर्चखाली चमकत नाही. निळ्या नाही, लाल नाही, जांभळ्या तर अजिबातच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन उजेड गिळतं, सगळ्यात जास्त ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा, म्हणून असल्या उजेडात रक्त उलट काळं पडतं. क्राईम सिरीयलमधे जे निळं चमकतं ते ल्युमिनॉल, ते केमिकल आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर फवारावं लागतं, रक्तातल्या लोहामुळं रिॲक्शन होऊन अर्धा मिनिटभर उजेड देतं आणि ब्लीचवर मारलं तरी तसंच चमकतं. त्याचा आणि ह्या टॉर्चचा काडीचा संबंध नाही.

तरी म्हटलं, उगीच तोंडानं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी कोणी कोंबडी आणायला पाठवेना (चवथ आहे, ताईनं मलाच कापलं असतं), म्हणून चार दिवस थांबून परत गेलो, चिकनवाल्याकडनं वाटीभर रक्त आणलं आणि रात्री कुळागरात (माडा-सुपारीच्या बागेत) थेंब थेंब टाकलं. हिरव्या पानावर, माडाच्या चुडतावर, चिऱ्यावर आणि फणसाच्या पडलेल्या पानांवर. मग भाच्याला म्हटलं, आता काढ माग. हिरव्या पानावर त्याला लगेच सापडलं, हे कबूल करतो. लाल-निळ्या मिक्स उजेडात पान एका रंगाचं आणि थेंब वेगळा उठून दिसतो, साध्या पांढऱ्या टॉर्चपेक्षा किंचित बरा, एवढं ह्या वस्तूत तथ्य आहे. चुडतावर मी बोट दाखवल्यावर दिसलं. चिऱ्यावर? शून्य. लाल दगड, लाल माती, त्याच्यावर लाल उजेड, काय दिसणार? फणसाच्या पिकल्या पानांवर तर उलटा प्रकार, प्रत्येक तांबूस डाग त्याला रक्तच वाटत होता, पोरगा जिथं मी काहीच टाकलं नव्हतं त्या दिशेनं पंधरा पावलं गेला. मग बारीक पाऊस आला आणि हिरव्या पानावरचं पण गेलं. आपल्याकडं चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने लाल धूळ, ह्यात हा टॉर्च चालणार कधी, हे कंपनीवाल्यालाच माहीत.

त्याच्यात एक जांभळं बटण पण आहे, अल्ट्राव्हायलेट. ते दाबल्यावर मात्र खरंच चमकलं. काय चमकलं? दोरीवरचं भावोजींचं बनियन, कारण साबणाच्या पावडरीत चमकणारा पदार्थ असतो, आणि गडग्यातला (दगडी कुंपणातला) एक विंचू, हिरवट निळा, अगदी झक्कास. तो चमकणारच, विंचवाचं कवच तसंच असतं. तेवढ्यासाठी टॉर्च घ्यायचा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

हरणाला उजेड दिसत नाही, हा मुद्दा अर्धा खरा आहे. हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन, त्यामुळं लाल रंग त्यांना फिका, अंधुक दिसतो. पण निळा त्यांना चांगला दिसतो, आणि ह्या टॉर्चमधे अर्धे एलईडी निळे आहेत! मेसेज लिहिणाऱ्यानं डबा उघडून तरी बघायचा. शिवाय कान आणि नाक कुठं ठेवलं? चार पोरं सुक्या पाल्यातनं चालत आलेली कळायला हरणाला उजेड लागत नाही.

परदेशात वापरतात. हो, वापरतात. अमेरिकेत काही राज्यांत रात्री लाईट घेऊन जखमी हरण शोधायला परवानगी आहे, काहींत नाही, काहींत जाताना बंदूक न्यायची नाही, काहींत आधी अधिकाऱ्याला कळवायचं. पण तिथं हरणाची शिकारच कायदेशीर आहे, सीझन असतो, लायसन असतं, किती मारायची ते ठरलेलं असतं, आणि शोधणारा स्वतः मारलेलं जनावर शोधत असतो. वर तिथले जाणते शिकारीच सांगतात की गोळी पोटात लागली असेल तर कित्येक तास मागं जाऊच नका, मागं लागलात तर जनावर उठून आणखी लांब जातं. हे वाक्य मेसेजमधनं बरोब्बर गळालं.

आता मला ज्याचा खरा राग आला ते. जखमी जनावर शोधणं ही शिकार नाही, दया आहे.

पहिला प्रश्न, जखमी केलं कोणी? गोव्यात साध्या माणसाला हरणावर कायदेशीर गोळी झाडायची सोयच नाही. म्हणजे रक्ताचा माग आहे तर त्याच्या एका टोकाला कोणाची तरी चोरटी बंदूक आहे, नाहीतर फास, नाहीतर डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब. गाडीनं उडवलेलं असेल तर रस्त्यावरनं फोन करायचा, त्याला अठराशेचा टॉर्च लागत नाही. म्हणजे हा टॉर्च नक्की कोणाच्या कामाचा आहे ते सांगायला नको. आणि उद्या रात्री दोन वाजता फॉरेस्ट गार्डनं धरलं तर बंदूकवाला केव्हाच घरी जाऊन झोपलेला असणार, सापडणार ती हातात टॉर्च आणि बुटाला रक्त लागलेली आमची पोरं.

दुसरं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. मी काही वकील नाही, पण पीडीएफ फुकट मिळते, वाचता येते. कलम २ मधे शिकार ह्या शब्दाची व्याख्याच दिलीय. मारणं, विष घालणं, पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून काढणं, आमिष दाखवणं, इजा करणं, शरीराचा भाग काढून घेणं. आणि मारायचा, पकडायचा, पाठलाग करायचा नुसता प्रयत्न सुद्धा. पाठलाग! स्पष्ट शब्द आहे. जनावर हाती लागलं नाही तरी शिकार. बंदूक नसली तरी शिकार. आधीच जखमी होतं म्हणून सूट, असं कुठंही लिहिलेलं नाही.

आणि दयेचं म्हणाल तर कायदा करणाऱ्यांनी त्याचा पण विचार केलाय, कलम ११ वाचा. बरं होण्यापलीकडं जखमी किंवा आजारी असलेल्या जनावराला मारायची परवानगी देता येते. पण ती देणार मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा जनावर पहिल्या परिशिष्टातलं (सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतलं) नसेल तर त्यांनी नेमलेला अधिकारी, लेखी, कारणं नमूद करून. ताईच्या गावातली चार पोरं आणि एक कोयता हे त्यात बसत नाही.

शिक्षा पण ऐका. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या परिशिष्टातलं जनावर असेल, किंवा कुठलंही संरक्षित जनावर असेल पण शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. आपल्या रानातलं पिसोरी, ते हरणासारखं सशाएवढं जनावर, पहिल्या परिशिष्टात आहे. आणि ताईच्या घरामागचा ओहोळ ओलांडला की म्हादई अभयारण्य, १९९९ पासून, २०८ चौरस किलोमीटर. रक्ताचा माग काय हद्दीच्या पाटीजवळ येऊन थांबतो का? भाच्याला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याचं तोंड जरा उतरलं. वर टॉर्च, बाईक, जे काय गुन्ह्यात वापरलं असेल ते जप्त होऊन सरकारजमा होतं, कलम ३९. बाईक भावोजींच्या नावावर आहे, हप्ते अजून चालू आहेत.

गाडीला आपटून मेलेलं उचलायचं, त्याचं उत्तर पण ह्याच कलम ३९ मधे. मेलेलं सापडलं किंवा चुकून मारलं गेलं, तरी जनावर सरकारची मालमत्ता आणि त्याचं मांस पण. कुठल्याही मार्गानं ताब्यात आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वन अधिकाऱ्याला कळवून सोपवायचं. फ्रीजमधे ठेवून नव्हे. आणि मांस घरात मिळालं तर ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, सरकारची नाही.

ह्यावरनं एक आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास रस्त्याकडेला गर्दी दिसली म्हणून आम्ही गाडी थांबवली. एक भेकर, कुत्र्याएवढं, मागचे पाय लुळे, पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होतं. भोवती दहा बारा माणसं, सगळ्यांच्या मोबाईलचे लाईट त्याच्या तोंडावर, कोणी व्हिडिओ काढतंय, कोणी म्हणतंय पाणी घाला. जनावराच्या बरगड्या इतक्या जोरात हलत होत्या की मला बघवेना. तासाभरानं फॉरेस्टचे दोघं आले. त्यातला वयस्कर होता त्यानं आल्या आल्या काय केलं असेल? म्हणाला लाईट बंद करा, सगळ्यांनी मागं व्हा, बोलू नका. आणि गोणपाट ओलं करून त्याच्या डोळ्यांवर टाकलं. दोन मिनिटांत श्वास शांत झाला, आम्ही सगळे अंधारात उभे. नंतर तो सांगत होता की हरणाची जात घाबरूनच मरते, पाठीमागं लागलं, धरलं, आवाज केला, तर जखम बारीक असली तरी स्नायू आणि हृदय जातं. डॉक्टर लोक पण ह्याला एक आजार म्हणूनच ओळखतात. आणि आमचे दयाळू लोक त्याच्यामागं लाल निळे लाईट घेऊन रानात पळणार.

रात्रीच्या रानात रक्ताच्या वासावर बिबटा पण येतो, वाटेत गवा उभा असतो, पालापाचोळ्यात फुरसं असतं, हे मी सत्तरीच्या पोरांना काय सांगणार, त्यांनाच जास्त ठाऊक. डुक्कर समजून साथीदारालाच गोळी घातल्याच्या बातम्या पेपरात अधनंमधनं येतात, तेवढ्या वाचा म्हणजे झालं.

राहिला शेवटचा ठसका, कायद्यात टॉर्चवर बंदी दाखवा. खरंय, आजच्या कायद्यात टॉर्चबद्दल एक ओळ नाही. का नाही? १९७२ च्या मूळ कायद्यात लायसनवर शिकार करता यायची, तेव्हा कलम १७ होतं, आणि त्यात रात्री शिकार करायला आणि कृत्रिम उजेड वापरायला बंदी होती, खास परवानगीचा अपवाद सोडून. १९९१ च्या दुरुस्तीत शिकारच बंद केली, मग शिकार कशी करायची ह्याचे नियम ठेवून काय करायचे, म्हणून ते कलमच काढून टाकलं. टॉर्चला मोकळीक मिळाली म्हणून ती ओळ गेली नाही.

भावोजींचं एक म्हणणं मात्र मी खोडणार नाही. ते म्हणाले, तू पणजीत बसून बोलतोस, इथं मेरू (सांबर) आणि गवे येऊन केळी, सुपारीची रोपं साफ करतात, भरपाईचे कागद फिरत राहतात, आणि इलेक्शन आलं की आमची लायसनची बंदूक पण पोलीस स्टेशनात जमा. बरोबर आहे, भरपाई वेळेवर मिळत नाही आणि त्याबद्दल भांडायला मी त्यांच्याबरोबर येईन. पण मध्यरात्री जखमी भेकराच्या मागं जाऊन कुठल्या केळी वाचल्या, ह्याचं उत्तर त्यांच्याकडं पण नव्हतं.

टॉर्च परत करायची मुदत संपली होती. आता तो ताईच्या गोठ्यात खिळ्याला लटकवलाय, लाईट गेली की लावायला, आणि पांढरं बटण बिघडलंय त्यामुळं लाल उजेडात म्हैस नीट पान्हवत नाही म्हणून ताईची रोज कटकट चालू आहे.