घोडी एक, मास्तर गावभर

आमच्या दर्यापूरकडच्या खेड्यात ज्याच्या घरी बैलजोडी आहे त्याला जगातलं कोणतंही जनावर हाकता येतं असा समज आहे, आणि ज्याच्या घरची बैलजोडी विकून ट्रॅक्टर आला त्याचा तर हा समज जास्तच पक्का आहे. पोळ्याला बैल सजवले, शंकरपटात दुसऱ्याच्या जोडीमागं घसा बसेपर्यंत ओरडलो की जनावराच्या शिक्षणात माणूस एमए. त्यामुळं माझ्या पुतण्यानं वरातीला भाड्यानं द्यायला घोडी आणली तेव्हा तिला शिकवणार कोण हा प्रश्न गावात कोणालाच पडला नाही. प्रत्येकाला उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर म्हणजे तो स्वतः. मी तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर, म्हणजे माझा हक्क पहिला.

घोडी सारंगखेड्याची. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथली. पुतण्या मित्र घेऊन गेला आणि पाहिलं काय तर अंगावरच्या केसांचे भोवरे. कपाळावर भोवरा कुठं, गळ्याला देवमण (हा शुभ मानलेला भोवरा) आहे का, चारही पाय अन तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण का, दात किती, कानाची टोकं वर आत वळून एकमेकांना टेकतात का (मारवाडी घोड्याची टेकतात), सगळं पाहिलं. पाय उचलू देते का, लगाम तोंडात घेते का, फटाका फुटला तर कोणत्या तालुक्यात जाऊन थांबते, हे विचारायचं राहून गेलं. नाव बिजली. माझ्या आईनं नाव ऐकलं अन एवढंच बोलली, "मंग थे कधी जाईन त्याचा काई नेम नाई."

पैशाचं म्हणाल तर कर्ज माझ्या नावावर. पुतण्याचं सिबिल पाहून बँकेतला पोरगा उठून पाणी प्यायला गेला होता, अन आपल्याला पेन्शन, त्यामुळं सही आपली.

पहिले काही दिवस आमच्या अंगणात जे चाललं त्याला मी तरी शिक्षण म्हणणार नाही. आबाजी म्हणे, "गुरुजी, पह्यले दोन ठेवून द्या, मंग बोला." कोणी म्हणे रात्रभर उपाशी ठेवा, कोणी म्हणे कानात फुंक मारा, एक जण मोबाईलवर राजस्थानचा व्हिडिओ घेऊन आला आणि घोडीलाच दाखवायला लागला. बाकीचे दोर ओढत होते. आता घोड्याचं असं आहे की त्याला ओढलं की ते उलटं ओढते, हा त्याचा जन्माचा स्वभाव, आणि चारशे किलोच्या आसपासचं जनावर एकीकडं अन दुसरीकडं चहा पिऊन आलेले चार कास्तकार, तर कोण जिंकणार हे गणित पाचवीतलं पोट्टंही तोंडी सोडवते. आमच्या कोठ्याचा खांब वाकला, घोडी वाकली नाही.

मग सुट्टीत भाची आली. नागपूरला जनावरांची डॉक्टरकी शिकते, एनसीसीत घोडेस्वारी केलेली. तिनं अंगणातली गर्दी पाहिली, वाकलेला खांब पाहिला अन मला विचारलं, "मामा, बैल अन घोडं यात फरक काय?"

मी म्हटलं, "शिंगं."

"बैल घाबरला तर तोंड फिरवून उभा राहू शकते मामा, त्याच्यापाशी शिंगं आहेत. घोडं आधी पळते, विचार मागून करते. त्याचा जीव पळण्यातच वाचलेला आहे. तुम्ही सगळे मिळून त्याचं पळणंच बांधून ठेवून राहिले, तर ते घाबरणार नाही तर काय करणार?"

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळं त्याला सुमारे ३५० अंशातलं दिसतं, म्हणजे जवळपास सगळंच. दिसत नाही ते फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं. साहेबाच्या पुढून अन घोड्याच्या मागून जाऊ नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण घोड्याच्या बाबतीतही पुढून जाणं धोक्याचंच हे कोणी सांगितलं नव्हतं. आबाजी रोज येऊन बरोबर तिच्या कपाळासमोर उभे राहायचे, लाडानं हात एकदम वर न्यायचे, घोडी मान झटकून मागं व्हायची आणि आबाजी गावभर सांगायचे की घोडी माजोरी आहे. आणि चामडी म्हणाल तर अंगावर माशी बसलेली कळते तिला, नेमकी तेवढीच जागा थरथरवून माशी उडवते. जिला माशी कळते तिला काठी कशाला पाहिजे, हा भाचीचा प्रश्न. आबाजींनी त्यावर उत्तर दिलं नाही, तंबाखू काढली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली अन माझा खरा वनवासही तिथूनच. भाचीनं दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काहीच करू नका." मी उभा. घोडी उभी. ऊन चढलं. पारावरचे लोक बघायला येऊन बसले. मी विचारलं, आता? "आता पण काहीच नाही." चाळीस पोरांचा वर्ग ज्यानं नुसत्या खाकरण्यावर गप्प केला त्या माणसाला भर अंगणात गप्प उभं करायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. शेवटी तिनं सांगितलं, दोर हळूच ताणा, नुसता वजन कळण्याइतका, आणि तसाच धरून ठेवा, झटका द्यायचा नाही, ओढायचं नाही. घोडीनं एक पाऊल तुमच्याकडं टाकलं की त्याच क्षणी ढिला सोडा. ताणला म्हणजे प्रश्न विचारला, सोडला म्हणजे मार्क दिले. आणि मार्क जागच्या जागी द्यायचे मामा, पेपर घरी नेऊन दिवाळीनंतर नाही. (हा टोमणा कोणाला ते सांगायला नको.)

आता ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या हाताला सोडायची सवयच नाही हो. घोडीनं पाऊल टाकलं की मला आनंद व्हायचा, आनंद झाला की मी अजून ओढायचो, कारण एक आलं तर दुसरंही येईल, अन ती पुन्हा मागं. भाची लांबून ओरडायची, "सोडा मामा, सोडा!" आणि पारावरून आवाज यायचा, "धरा गुरुजी, धरा!" बायको दारातून म्हणाली, "पस्तीस वर्षं म्या हेच सांगून राह्यली, विषय सोडा म्हनून." ज्या दिवशी माझा हात वेळेवर ढिला पडला त्या दिवशी घोडीनं मान खाली घातली, ओठ चाटले, नाकानं मोठा फुर्र केला आणि आपणहून चालत आली. भाची म्हणाली, कळलं तिला. मी म्हटलं, कोणाला, तर ती हसली नुसती.

पण सगळ्यात अवघड म्हणजे घोडी मनातलं वाचते. भाचीनं जर्मनीतल्या एका घोड्याची हकिकत सांगितली. हान्स त्याचं नाव, बर्लिनमध्ये एका रिटायर गणिताच्या मास्तरांनी शिकवलेला, बेरीज वजाबाकी विचारली की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांची समितीच बसली, काही लबाडी सापडली नाही. मग १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर हान्स नापास. घोडा गणित करतच नव्हता, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत केसभर हलायचं, तेवढं पाहून तो थांबायचा. मला त्या मास्तरांबद्दल फार वाईट वाटलं. आमच्या शाळेतही इन्स्पेक्शनच्या दिवशी पोरं अशीच माझ्या भुवयांकडं पाहून उत्तरं द्यायची, अन शेरा "उत्तम" मिळायचा.

तर ही विद्या आमच्या बिजलीलाही येत होती. मी निवांत असलो की ती निवांत. मला बँकेचा हप्ता आठवला की खांदे आवळले जायचे, श्वास वर अडकायचा, आणि लगेच तिचे कान मागं. पाच तारीख जवळ आली की घोडी बिथरते हे आईच्याही लक्षात आलं, तिनं लिंबू-मिरची बांधली. दृष्ट बँकेची लागली होती, पण ते आईला कसं सांगणार.

लगामाचं त्यामानानं लवकर जमलं. घोड्याच्या पुढच्या अन मागच्या दातांमध्ये हिरडीची मोकळी जागा असते, कडी तिथं बसते, तिथं अंगठा घातला की तोंड आपोआप उघडते. पुतण्या हे शिकला, एक अंगठा चुकीच्या जागी घालून. खराऱ्यानं अंग घासायचं, पाय रोज उचलून खूर साफ करायचे, यात वेळ गेला पण भांडण झालं नाही.

भांडण झालं पन्नीवरून. ट्रॅक्टरला घोडी भीत नाही, गावच्या कुत्र्यांना भीत नाही, पण धुऱ्यावर अडकलेली खताच्या पिशवीची पन्नी फडफडली की संपलं. अन आमच्याकडं पन्नी कुठं नाही ते सांगा. आबाजींचं मत, पन्नी तिच्या तोंडावर बांधून टाका, भीती मोडते. भाचीनं काय केलं तर काठीला पन्नी बांधली आणि घोडीपासून लांब लांब चालत गेली, घोडी मागून. पळून जाणाऱ्या वस्तूला कोण भिते? थोड्या वेळानं घोडीच मान लांब करून पन्नीचा वास घ्यायला लागली. गावात बातमी अशी पसरली की गुरुजीची भाची पन्नीचा मंत्र मारते, आणि दोघं जण रडकी पोरं घेऊन आले.

मग डीजे. पद्धत अशी की आवाज आधी लांबून, बारीक, घोडी खात असताना. कान फिरवले, पाहिलं, अन परत कुटारात तोंड घातलं की आवाज बंद करायचा. मग हळूहळू जवळ, हळूहळू मोठा. ती उड्या मारत असताना बंद केला तर ती एवढंच शिकते की उड्या मारल्या की डीजे बंद होते. हे कळल्यापासून कधी कधी मलाच उड्या माराव्या वाटतात. पुतण्याचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन हे रोज चाललं आणि रोज कोणीतरी जाणारा-येणारा "आवाज कमी येऊन राह्यला गुरुजी" म्हणून कळवळ्यानं बटण वाढवून जायचा.

खाण्यापिण्यावरून तर मी गावात वाईटपणाच घेतला. घोड्याला उलटी होत नाही, शरीराची घडणच तशी, त्यामुळं पोटात गेलेलं चुकीचं काही वर येऊ शकत नाही अन पोटदुखीनं जीव जाऊ शकते. हे दारावर खडूनं लिहून ठेवलं, मास्तरच शेवटी. तरी लोक गूळ, जिलबी, वाटीभर शिरा घेऊन यायचे, घोडीला नाही म्हणता म्हणता तो शिरा मी खायचो.

पहिली सुपारी आली ती बाजूच्याच गावची. नवरदेव पुण्याला कंपनीत, घोड्यावर बसायचा पहिलाच प्रसंग, हातात लिंबू खोचलेली कट्यार. घोड्यावर डावीकडून चढायची रीत आहे, जुन्या काळी तलवार डाव्या कमरेला लटकायची, उजवीकडून चढलं तर ती मधात यायची म्हणतात. हा उजवीकडून आला, कारण फोटोग्राफर तिकडं होता. घोडीनं नुसतं वळून पाहिलं. मारुतीच्या पारापासून मंडप हाकेच्या अंतरावर, पण वरातीत दोन चुलतभावांमध्ये पहिलं गाणं कोणाच्या पसंतीचं यावरून जुंपली आणि वरात तिथंच थांबली. डीजे छातीत वाजत होता, फटाक्यांची लड डोळ्यांसमोर फुटली, वरून नोटा, खालून धूळ. नवरदेवानं डोळे मिटून दोन्ही हातांनी लगाम आवळला, भाची खालून ओरडत होती, "जीजू, सोडा, ढिला सोडा!" अन त्या आवाजात त्याला काय ऐकू आलं कोणास ठाऊक, त्यानं कट्यार सोडली. ती माझ्या चपलेजवळ पडली. घोडीनं एक मागचा पाय ढिला केला, खालचा ओठ लोंबवला आणि डुलकी काढली. घोड्याला पायाचे सांधे अडकवून उभ्या उभ्या झोप काढता येते, पण डीजेच्या गाडीसमोर काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते धुळीवर ढकललं.

हिशोबाला नवरदेवाचा बाप आला तो तोंड पाडूनच. "गुरुजी, घोडी तं हालली बी नाई ना. उडाली नाई, नाचली नाई, दोन पायावर उभी नाई झाली. पोराचे मित्र म्हनून राह्यले, थर्माकोलची आनली का काय? आमी का फोटोले घोडी केली होती?" आणि ठरल्यातले पैसे कापले. मी चंपी झाल्यागत उभा, भाची लाल, अन पुतण्या ते पैसे मोजत मोजत पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन घेऊन बाजूला गेला.

"नाई दादा, नाचत नाई. शिकेल हाय आमची घोडी. नाच पायजेच असन तं माहा काका हाय, त्याईचे पैसे येगळे."