भिंत एका बाजूला, मीटर दुसऱ्या बाजूला

रहदारीचा आवाज अडवणारी ध्वनिभिंत महामार्गाच्या एकाच बाजूला उभी राहिली आणि पलीकडच्या वस्तीपुढे अहवालात ‘मर्यादेत’ असा शेरा पडला, हे सगळ्यांनी वाचलेलंच होतं. नाना कट्ट्यावर आले तेच फोन नाचवत.

“मी स्वतः मोजलंय! पाच-पाच मिनिटांनी बारा वेळा. अकरा वेळा ६० डेसिबल, एकदा ७५. सरासरी ६१. यात बोंब मारण्यासारखं काय आहे?”

“सरासरी कशी काढलीत?” ताईने विचारलं.

“बेरीज करून बाराने भागलं. शाळेत शिकवतात तशी.”

“डेसिबल तसे भागता येत नाहीत, नाना. लॉगचं माप आहे ते. आधी प्रत्येक आकड्यामागची ऊर्जा काढायची, तिची सरासरी घ्यायची आणि मग परत डेसिबल करायचे. तुमच्याच आकड्यांची अशी खरी सरासरी, तिला एलईक्यू म्हणतात, साडेपासष्ट येते. रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाली तर ३ डेसिबल वाढतात. तुम्ही बसल्या बसल्या ४ गिळलेत.”

“कॅरमच्या गुणांसारखे,” बाळ्या म्हणाला. नानांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती राणी खिशात गेली होती की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.

मास्तरांनी फोन उलटा करून पाहिला. “याचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय. मोठा आवाज आला की तो दाबून टाकतो. वर कव्हरने भोक अर्धं झाकलंय. मोजायचं तर अचूकतेच्या क्लास १ नाहीतर क्लास २ चं मीटर हवं. तिकाटण्यावर, जमिनीपासून दीड मीटर, भिंतीपासून साडेतीन मीटर तरी लांब, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाजही मोजला जातो. माइकवर स्पंजचा गोळा. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असला तर घरी जायचं. रस्ता ओला असला तरी घरी जायचं, कारण ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज चढतो. कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला आवाज काढून मीटर तपासणारं यंत्र, ९४ डेसिबलचा, आधीही लावायचा आणि नंतरही. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला की सगळे आकडे केरात.”

“आणि गाड्या कोण मोजणार?” बाळ्याने विचारलं.

“त्याच वेळी, बाजूला उभं राहून. मोटारी वेगळ्या, मधली वाहनं वेगळी, अवजड वेगळी, शिवाय वेग. ही नोंद नसेल तर उद्या कोणीही म्हणेल, त्या दिवशी रहदारीच जास्त होती.”

“पण मी ऐन गर्दीत मोजलंय!” नाना कडाडले. “संध्याकाळी, रस्ता तुंबलेला असताना. याहून जास्त आवाज कधी असणार?”

ताई शांतपणे म्हणाली, “तुंबलेला असताना तो कमी असतो, नाना. मोटार ताशी ५० किलोमीटरच्या वर गेली की इंजिनापेक्षा टायर जास्त ओरडतात. गाड्या रांगत असल्या की टायर गप्प. सगळ्यात वाईट तास म्हणजे रस्ता मोकळा, वेग पूर्ण आणि ट्रक भरपूर. रात्री एक वाजता गेला होतात का?”

नाना रात्री एक वाजता झोपलेले असतात. तेही त्यांनी पुरावा म्हणून मांडलं. “मला गाढ झोप लागते. सवय होते माणसाला!”

“जाग येत नाही, पण ट्रक गेला की झोपेतही हृदयाचे ठोके वाढतात. ते सवयीने थांबत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीची वेगळी मर्यादा सांगितली, ४५ डेसिबल. घराबाहेरची. चोवीस तासांच्या सरासरीची ५३, आणि तीही रात्रीच्या आवाजात १० मिळवून.”

“घराबाहेरची ना? मग खिडक्या लावून घ्या!”

“खिडकी बंद असली तर साधं घर २० डेसिबल अडवतं. उघडी असली तर १०. ज्याच्याकडे एसी आहे तो खिडकी लावतो. पत्र्याखाली राहणारा उन्हाळ्यात लावेल? महामार्ग तोच, मीटरचा आकडा तोच, आणि उशाशी १० डेसिबलचा फरक. अहवालात त्याला रकानाच नाही.”

इथे जरा शांतता झाली. मग मास्तर भिंतीवर आले. ट्रक नजरेआड होईल एवढी उंची झाली की ५ डेसिबल कमी होतात, पुढे प्रत्येक मीटरला साधारण दीड. मध्ये गेटासाठी फट ठेवली की बराचसा फायदा तिथूनच निसटतो. शिवाय नुसतं गुळगुळीत काँक्रीट असेल तर आवाज समोरच्यांकडे परततो. वाढतो फार नाही, ३ डेसिबलच्या आतच, पण वाढतो त्यांचाच, ज्यांना भिंत मिळाली नाही.

“अमेरिकेचा नियम वाचा,” ताई म्हणाली. “भिंतीचा खर्च फायदा होणाऱ्या घरांवर वाटून बघतात. मोजतात घरं, माणसं नाहीत. एका खोलीत सहा जण असले तरी ते एकच घर. वर कित्येक राज्यांत भिंत हवी का नको हे ठरवताना भाडेकरूपेक्षा मालकाच्या मताला वजन जास्त. आणि आवाज रोखण्याचा विचार सक्तीचा फक्त नव्या किंवा रुंद होणाऱ्या रस्त्यांना. सेंट पॉलमधली राँडो ही कृष्णवर्णीयांची वस्ती आय-९४ महामार्गाने मधोमध चिरली, १९६० च्या दशकात. तेव्हा हा नियमच नव्हता. अशा जुन्या रस्त्यांकाठी भिंत बांधायची की नाही, ते राज्याच्या मर्जीवर.”

“झाडं लावा की मग!” नानांचा शेवटचा पत्ता.

“एका रांगेने गाड्या दिसत नाहीत, ऐकू मात्र तेवढ्याच येतात. आरपार न दिसणारी झाडी हवी, चांगली ६० मीटर रुंद. तेवढी जागा असती तर वस्ती रस्त्याला चिकटून कशाला बसली असती?”

नाना उठलेच. “थांबा, आत्ता मोजून दाखवतो! इथे, तुमच्या समोर! बघा, ५८… ६०… हे बघा, कुठे आहे आवाज? कुठे आहे, दाखवा मला!”

मास्तर फोनवर वाकले. “७९.”

“ट्रक गेला?”

“नाही,” बाळ्या म्हणाला, “तुम्ही बोलताय.”

ताई इतकी हसली की काटा ८२ वर गेला.