‘फाइली रंगवणं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. ‘सीक्यूसी दारात येण्याआधी’ (सीक्यूसी म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, इंग्लंडातल्या केअर होम्सची तपासणी करणारी संस्था) या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. आपलं म्हणणं असं: हा लेख म्हणजे फाइली रंगवायची पाककृती आहे, सीक्यूसीच्या 34 क्वालिटी स्टेटमेंट्सचा (दर्जाच्या निकषांचा) त्यात पत्ता नाही, आणि होममध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याबद्दल एक ओळ नाही. शेवटी, ‘ताई, कधीतरी ऑफिसातून उठून फ्लोअरवरही जाऊन बघा.’

एक चूक कबूल करते. सीक्यूसी 2008 पासून आहे असं मी लिहिलं होतं. कायदा 2008 चा, कमिशनचं काम सुरू झालं एप्रिल 2009 मध्ये. दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी मान्य करते, एवढं लक्षात असू द्या.

आता ‘रंगवणं’. फार सहज वापरलात हा शब्द. केअर होमला सीक्यूसीवाले सहसा न सांगताच येतात. सकाळी बेल वाजते, दारात ओळखपत्र. रंगवायला वेळ कधी मिळणार?

आपण मार चार्ट कधी हातात धरलाय का? औषध दिलं की सही करायचा तक्ता. समजा मंगळवारी रात्री दहाच्या चौकटीत सहीच नाही. रंगवणारा पेन काढेल आणि मोकळा होईल. मी लेखात काय सांगितलंय? चौकट रिकामीच राहू द्या. त्या रात्रीच्या केअररला फोन लावा. ब्लिस्टर पॅकमधली गोळी गेलीय की तशीच आहे, मोजा. जे कळेल ते आजची तारीख घालून लिहा आणि गोळी खरंच चुकली असेल तर जीपीला, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना, कळवा. याला आपण पाककृती म्हणता? म्हणा बापडे.

2003 साली मी मिरजेहून इथे इंग्लंडात अ‍ॅडाप्टेशनला आले, म्हणजे परदेशी नर्सला इथलं रजिस्ट्रेशन मिळण्याआधी देखरेखीखाली करावं लागणारं काम. सीक्यूसी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्या होमचं नाव घेत नाही, पण एका रविवारी मॅनेजरनं आठवड्याभराच्या राहिलेल्या सह्या माझ्यापुढे टाकल्या. ‘बसून करून टाक.’ मी नवी, रजिस्ट्रेशनचे कागद त्यांच्या हातात. नाही म्हटलं. पुढचे तीन आठवडे सलग नाइट्स लागल्या. तेव्हा फाइली रंगवणं म्हणजे काय, हे निदान मला तरी शिकवू नका.

फ्लोअरचं म्हणाल, तर काल दोन केअरर आजारी होते. अकरा वाजेपर्यंत मीच गिळायला त्रास होणाऱ्या एका आजोबांना थिकनर घालून घट्ट केलेला चहा चमच्या-चमच्यानं पाजत होते. घोट गेल्याशिवाय पुढचा चमचा देता येत नाही, अर्धा कप संपायला वीस मिनिटं लागतात. आपली प्रतिक्रिया लिहायला किती लागली?

34 स्टेटमेंट्सवर वेगळा लेख लिहीन. तोवर सीक्यूसीच्या कारभाराचा आढावा घेणारा डॉ. पेनी डॅश यांचा 2024 चा अहवाल चाळा. सीक्यूसीचेच कसे वाभाडे काढलेत ते दिसेल.

राहिलं माणसांशी बोलणं. ते आम्ही रोजच करतो, त्यावर वेगळं काय लिहायचं? (मागच्या वेळी इन्स्पेक्टर बाई फाइलींना हात लावायच्या आधी पाऊण तास लाउंजमध्ये बसल्या होत्या, हे खरं. आमच्या नव्वदीच्या एका आजींनी त्यांना सांगितलं की टीव्हीवर काय लावायचं ते इथे स्टाफ ठरवतो. रिपोर्टात आलंही ते. पण तो विषय निराळा.)

पुढचा लेख पडण्याच्या नोंदी कशा ठेवायच्या यावर आहे. आवडत नसेल तर वाचायची सक्ती नाही. पण आपण वाचालच. आधीचे चारही वाचलेत, हे प्रतिक्रियेवरूनच दिसतंय.