भरीत गाजलं, आता करणारे हातही दिसू द्या

सेलिब्रिटी शेफमुळे गावाकडचे पदार्थ पुढे आले असं लेखात म्हटलंय ते एकदम पटलं, २०१८ ला शेफ विष्णू मनोहरांनी जळगावात अडीच हजार किलो वांग्याचं भरीत केलं तेव्हा आमच्या भरताचं नाव सगळीकडे झालं, लई अभिमान वाटला. पण आता व्हिडिओ बघून लोक गॅसवर वांगं भाजतात अन् वरून टोमॅटो, गरम मसाला घालतात. अहो, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरव्या मिरचीसोबत ठेचलं की जो वास सुटतो तो त्यात कुठून येणार? आमच्याकडे हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्यांना शे-दोनशे माणसांचं भरीत एकहाती करणारे आचारी आहेत, चॅनलवाल्यांनी त्यांनापण बोलवा ना, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुरीसोबत कसं वाढतात तेपण दाखवा.