म्हणे, टेस्ट बघा!

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे उभे असलेले काका मोबाईलचा आवाज फुल्ल ठेवून हिरेव्यापारी नीरव मोदीच्या थाटामाटावरचं रील बघत होते. (हेडफोन पन्नाशीपुढच्या पुरुषांना विकायला बंदी आहे का हो?) रील संपलं, काकांनी कौतुकाने मान डोलावली आणि मागे वळून मला म्हणाले, "चोर असेल, पण टेस्ट बघा माणसाची!"

वेळ कोणती, माणूस कोण, काही बघाल की नाही? माझ्या हातात सासूबाईंच्या केवायसीचे कागद. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, लाइट बिल, दोन फोटो, आणि वर पेन्सिलीने मारलेली भली मोठी फुली. सही जुळत नाही म्हणे. ब्याऐंशीव्या वर्षी थरथरत्या हाताने केलेली सही खातं उघडतानाच्या सहीशी जुळत नाही, हा माझ्या सासूबाईंचा गुन्हा. "त्यांना प्रत्यक्ष घेऊन या." अहो, दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत त्यांचे. "मग आम्ही तरी काय करणार मॅडम, नियम आहे." त्यांचीच पेन्शन, त्यांच्याच खात्यात, आणि त्यांनाच मिळेना. वर मॅनेजरना भेटा म्हणून मला या दुसऱ्या रांगेत पाठवलेलं, आणि मॅनेजर जेवायला गेलेले. अशा वेळी मी टेस्ट बघायची!

बरं, बघू या.

फोर्टातलं ब्रॅडी हाऊस, पंजाब नॅशनल बँकेची शाखा. तिथून या गृहस्थाच्या कंपन्यांच्या नावाने हमीपत्रं निघायची. ती दाखवली की परदेशातल्या भारतीय बँकांच्या शाखा डॉलर मोजणार. फेडायची वेळ आली की नवं हमीपत्र काढायचं आणि जुनं भागवायचं. तारण काय? काही नाही. हमी जायची स्विफ्ट यंत्रणेतून (बँका एकमेकींना निरोप धाडतात ती), आणि ती यंत्रणा बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या संगणकाला, जोडलेलीच नव्हती. म्हणजे बाहेरच्या जगाला बँक छातीठोकपणे सांगतेय की आम्ही जामीन आहोत, आणि घरच्या वहीत ओळ नाही! तपास यंत्रणा म्हणतात २०११ पासून हे चाललं होतं. जानेवारी २०१८ मध्ये टेबलावरचा जुना माणूस निवृत्त झालेला, नव्या माणसाने म्हटलं की शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे हमीएवढी रक्कम, आधी भरा. तर नीरव मोदीच्या माणसांचं म्हणणं, आम्हाला असलं काही कधी भरावंच लागलं नाही. तेव्हा कुठे बँकेने वह्या उघडल्या. आकडा आधी ११,४०० कोटी सांगितला, मग तो १३,००० कोटींच्या पुढे गेला. आणि नीरव मोदी साहेब १ जानेवारीलाच देशाबाहेर पडलेले. त्यांना कुणी म्हणालं का, "प्रत्यक्ष घेऊन या"?

मला मात्र मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला दोन जामीनदार लागले. शिवाय एलआयसीची पॉलिसी. शिवाय माझ्या मावसभावाची सॅलरी स्लिप, जी मागताना मला त्याच्या बायकोशी गोड बोलावं लागलं, आणि ते काय दिव्य आहे ते आमच्या घरच्यांना विचारा. लॉकर हवा? एफडी करा. मिनिमम बॅलन्स खाली गेला? दंड, आणि दंडावर जीएसटी. पासबुक छापायचं मशीन? ते बंद आहे. ते कायम बंदच असतं. ते चालू असताना पाहिलेल्या माणसाला मी चहा पाजीन.

तर टेस्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईडीने रोल्स रॉईस घोस्ट उचलली, पोर्श पानामेरा उचलली. मग एका जप्तीत १७६ स्टीलची कपाटं, १५८ खोके आणि ६० प्लॅस्टिकचे डबे निघाले, आणि त्यांत परदेशी घड्याळं. १७६ कपाटं! आमच्याकडे लग्नातलं एक गोदरेजचं कपाट आहे, त्याचा दरवाजा ढकलल्याशिवाय लागत नाही. माणूस घड्याळ किती वाजले ते बघायला घेतो असा माझा बापडा समज होता.

किहीमचा बंगला विसरलात का? अलिबागला वीकेंडला जाणारे सगळे लांबून बघून यायचे. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम धाब्यावर बसवून समुद्रकाठी हजारो चौरस फुटांचं बांधकाम. शेवटी कोर्टकचेऱ्या होऊन सरकारने पाडायला घेतला, तर इमारत इतकी दणकट की नेहमीच्या यंत्रांना ती दाद देईना. ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून उडवली. त्यातही तोच माज. आमच्या बिल्डरने दिलेल्या प्लास्टरला खिळा लावला की पलीकडच्या शेजाऱ्यांचं कॅलेंडर पडतं, आणि यांचा बेकायदा बंगला पाडायला स्फोटकं लागतात.

नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात याच्या नावावर जमीनही होती, ती आमच्याकडून मातीमोल भावाने घेतली म्हणत शेतकरी २०१८ मध्ये आत घुसले. ते तुमच्या रीलमध्ये नसणार काका. त्याला पार्श्वसंगीत बसत नाही.

आणि ते जॅकेट! बंगला इथे धुरळा होत होता, त्याच सुमारास लंडनच्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने साहेबांना रस्त्यात गाठलं. मिशा वाढवलेल्या, अंगात शहामृगाच्या कातड्याचं जॅकेट, किंमत म्हणे निदान दहा हजार पौंड. राहायला सेंटर पॉइंटच्या टॉवरमध्ये फ्लॅट. तो बिचारा बातमीदार मागे धावत प्रश्न विचारतोय, आणि हे गालातल्या गालात हसत "नो कॉमेंट". त्या व्हिडिओवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय चर्चा झाली सांगू? जॅकेट खरं की नकली! एका वहिनींनी तर शहामृगाच्या चामड्यावर टिपके का असतात ते समजावून सांगितलं. पिसं उपटलेल्या जागा असतात त्या. घ्या. तेरा हजार कोटींतून माझ्या पदरात पडलेलं एवढंच ज्ञान.

सगळ्यांत जास्त डोकं फिरतं ते चित्रांवरून. कारण टेस्ट टेस्ट म्हणतात ती याचीच. मार्च २०१९ च्या अखेरीस आयकर खात्याने त्याच्या संग्रहातली चित्रं लिलावात काढली. राजा रविवर्म्याचं एक चित्र १६ कोटी १० लाखांना गेलं. आणि वासुदेव गायतोंड्यांचं १९७३ चं एक २५ कोटी २४ लाखांना. गायतोंडे! नागपुरात जन्मलेला, गिरगावातल्या चाळीत वाढलेला, जे. जे.तून शिकलेला माणूस. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या एका खोलीत राहून वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं करायचा. बाकी वेळ बसून राहायचा, विचार करत. कुणी विकत घ्यावं म्हणून दारोदार फिरला नाही, २००१ मध्ये गेला तेव्हा बातमीसुद्धा धड छापून आली नाही. त्याचं चित्र भिंतीवर टांगलं की टेस्ट टांगणाऱ्याची होते? अहो, टेस्ट गायतोंड्यांची, पैसे बँकेचे, खिळा सुताराचा. यात या माणसाचं काय होतं ते मला काकांनी सांगावं. भिंतसुद्धा, म्हटलं तर, आपलीच.

आता खरं सांगते. घरी आले, चहा टाकला, आणि संतापाच्या भरात त्या लिलावांचं सगळं शोधून वाचत बसले. त्याच्याच मालाच्या २०२० च्या लिलावातल्या हर्मीस या महागड्या ब्रँडच्या पर्सा मोठ्या करून करून बघितल्या. एकीचा रंग फार सुंदर होता, गाजरी. मी तो फोटो सेव्ह केला. चहा उतू गेला. यांनी मागून येऊन विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, आर्थिक गुन्हेगारी. "मग गाजरी रंगाची का आहे?" तर मी यांच्यावर ओरडले, गॅस पुसायला लावला, आणि मग पर्सच्या आतल्या कप्प्यांचे फोटो आहेत का ते शोधलं. नव्हते. काकांना मी रांगेत जे बोलले नाही ते का बोलले नाही, याचं उत्तर मला त्या गाजरी पर्सने दिलं बहुतेक, पण मी ते मान्य करणार नाही.

एका गोष्टीने मात्र मनापासून थंडावा मिळाला. हा पकडला गेला कसा? १९ मार्च २०१९, लंडनच्या होबर्न भागातली एक बँक. साहेब खातं उघडायला गेले होते. काउंटरवरच्या माणसाने चेहरा ओळखला, पोलिसांना फोन केला, संपलं. फोर्टात सात वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते तिकडे एका कारकुनाला पहिल्या भेटीत दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या कोर्टाने त्याला फरार आर्थिक गुन्हेगार जाहीर केलं. (मूळ खटल्याचा निकाल लागायचाय, हो, माहीत आहे मला. आमच्या चाळीच्या जागेच्या खटल्याचाही लागायचाय, त्यातले दोन्ही वकील वारले.)

मग प्रत्यार्पणाची सुनावणी, आणि त्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची बराक क्रमांक १२. याला तिथे कसं ठेवणार ते आपल्या सरकारने लंडनच्या कोर्टाला लिहून दिलं. माणशी ३ चौरस मीटर जागा, अंथरायला सुती सतरंजी, उशी, चादर, पांघरूण, पुरेसा उजेड, खेळती हवा. त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. तरी याच्या वकिलांच्या तक्रारी चालूच.

मी टेप काढून मोजलं. आमचं स्वयंपाकघर, ओटा, फ्रीज आणि पिंप वगळून, ३ चौरस मीटर भरत नाही. उजेडाचं म्हणाल तर पश्चिमेला बिल्डरने सात मजले चढवल्यापासून भरदुपारी ट्यूब लावावी लागते, आणि खेळती हवा म्हणजे त्याच्या तळमजल्यावरच्या चायनीजवाल्याचा धूर. त्या बिल्डरवर एकदा निवांत लिहायचंय मला. आज नाही, आज बीपीची गोळी घेतलीय.